डोपामाइनचा उपास

मागच्या महिन्यात एका रविवारी माझ्या मुलाने डोपामाइनचा उपास धरला. तो इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे. फोन बंद करून कपाटात, गाणी नाहीत, चहा नाही, गोड नाही, बोलणंही मोजकंच. दिवसभर असं राहिलं की मेंदू ‘रीसेट’ होतो म्हणे. साडेअकराच्या सुमाराला मी भाजी घेऊन परत आले, तर अण्णा, म्हणजे माझे वडील, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी उभे. एक हात चौकटीला, नजर पावलांकडे, आणि पाऊल फरशीला चिकटल्यासारखं. किती वेळ उभे होते कोण जाणे. हाक मारायला त्यांना आताशा संकोच वाटतो, आणि मारली तरी आवाज दोन खोल्यांपलीकडे जात नाही. त्यांची साडेदहाची गोळी चुकली होती. गोळीचा गजर मुलाच्या फोनमध्ये होता आणि फोन कपाटात.

अण्णांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, आहे आणि ती गोळी लेव्होडोपाची. मेंदूत पोचली की तिचं डोपामाइन होतं, म्हणजे चेतापेशींनी एकमेकींना निरोप द्यायचं एक रसायन. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरात दोघांनी डोपामाइनचा उपास केला, नातवाने हौसेने आणि आजोबांनी नाइलाजाने.

मुलाला मी रागावले नाही. सगळी भिस्त एका फोनवर ठेवली ती मीच. पण हा शब्द ज्या अर्थाने त्याच्या तोंडी बसलाय त्याच्याशी माझं भांडण आहे, कारण तो एकटा नाही. पालकसभेत समुपदेशक बाई सांगतात, मुलांचं डोपामाइन वाढलंय. सोसायटीच्या ग्रुपवर ‘डोपामाइन कमी करण्याचे सोपे उपाय’ फिरतात. किर्तनात पूर्वी ‘वासना’ या शब्दाला जी जागा असायची, ती हल्ली या रेणूला मिळाली आहे. रील बघणं, ऑनलाइन साड्या, रात्री फ्रिज उघडून उभं राहणं, सगळ्याचा गुन्हेगार एकच. आणि वासनेसारखाच हाही आपल्याच आत बसलेला, त्यामुळे प्रायश्चित्तही आपणच घ्यायचं.

या रेणूची ओळख जगाला पटली त्याच्या मुळाशी आपलीच एक वनस्पती आहे, सर्पगंधा. तिची मुळी वेड लागलेल्यांवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपल्या रुग्णांच्या नोंदींसह तिचा रक्तदाबावरचा गुण मांडला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं. ते धो धो वापरलं गेलं. मात्र काही रुग्ण त्याने मंद, उदास होऊन बसत आणि काहींना चक्क कंपवातासारखी लक्षणं दिसत.

स्वीडनमधल्या लुंडला आर्विड कार्लसन यांनी सशांना हे रेसरपीन टोचलं. ससे कान पाडून, जागच्या जागी गोळा होऊन बसले. मग त्यांना डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामाइन बनवतं ते, टोचलं, आणि थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. हे १९५७ साली छापून आलं. तोवर डोपामाइनला स्वतःचं असं काही काम असेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. शरीरात नॉरअ‍ॅड्रेनलिन हे दुसरं रसायन बनताना लागणारं मधलं स्टेशन, एवढीच त्याची किंमत. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने वारलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि हालचाल सांभाळणाऱ्या भागात डोपामाइनचा खडखडाट आढळला. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे डोपा देऊन, मात्रा हळूहळू चढवत नेऊन, खिळलेली माणसं चालती केली. कार्लसन यांना नोबेल मिळालं ते २००० साली.

त्या सशांचा आनंद गेला होता असं कुठे म्हटलेलं नाही. ते हलत नव्हते.

अण्णांचंही तसंच झालं, फक्त हळूहळू. वाई आगारात एकतीस वर्षं ते एसटीचे कंडक्टर होते. निवृत्तीनंतर काही वर्षांनी बँकेतून त्यांचे चेक परत येऊ लागले: सही जुळत नाही. आम्ही बँकेला शिव्या घातल्या. आता जुनी पासबुकं आणि वह्या समोर ठेवल्या की दिसतं, अक्षर वर्षागणिक बारीक होत गेलं होतं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. त्याच्याही आधी कधीतरी दूध करपून घरभर वास सुटला होता आणि शेजारच्या खुर्चीत बसलेल्या अण्णांना पत्ता नव्हता. वास जाणं, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं ही कंपवाताची आधीची पावलं असतात हे आम्हाला नंतर कळलं. हाताला कंप दिसू लागतो तोवर मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर पट्ट्यातल्या, डोपामाइन बनवणाऱ्या पेशींपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यात या जेमतेम काही लाख. त्या कमी झाल्या की शर्टाचं बटण लावायला वीस मिनिटं लागतात.

गोळीचेही नखरे आहेत. डोपामाइन नुसतं दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून लेव्होडोपा द्यायचं, आणि ते वाटेतच संपू नये म्हणून सोबत कार्बिडोपा. त्यात आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना प्रथिनांचे घटक त्याच दारात गर्दी करतात. आई सात-आठ महिने अण्णांना गोळी प्रेमाने ग्लासभर दुधाबरोबर देत होती, आणि आम्ही म्हणत होतो औषध लागू पडत नाही. जेवणाच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर, एवढं एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर.

पाऊल खिळतं तेव्हा काय करायचं हे फिजिओथेरपिस्टने शिकवलं. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवायच्या, मग प्रत्येक पट्टी ओलांडायची. आतून ‘चल’ म्हणणारी यंत्रणा थकलेली असते, तिला बाहेरून खूण लागते. तालावर तर अशी माणसं चांगली चालतात. आमच्याकडे पट्ट्यांपेक्षा वेगळंच चाललं. एकदा अण्णा दारात अडकलेले असताना मुलगा मागून गमतीने ओरडला, ‘टिंग टिंग!’ आणि अण्णा निघाले. कंडक्टरची डबल बेल. एकतीस वर्षं त्या दोन घंटांनी त्यांनी गाडी हलवली होती.

हे एवढं विस्ताराने सांगायचं कारण म्हणजे डोपामाइन ‘सुखाचं रसायन’ आहे ही समजूत किती लंगडी आहे ते यात दिसतं. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी डोपामाइन जवळजवळ नाहीसं केलेल्या उंदरांवर प्रयोग केले. पुढ्यात खाणं असून हे उंदीर उपाशी मरतील, स्वतःहून तोंड लावणार नाहीत. पण साखरपाण्याचा थेंब तोंडात सोडला की मिटक्या मात्र इतर उंदरांसारख्याच मारतात. आवडणं शाबूत, हवंसं वाटून उठणं गेलेलं.

दुसरा महत्त्वाचा धागा वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांचा. माकडाला अवचित रसाचा थेंब मिळाला की डोपामाइनच्या पेशी कडाडतात. मग दरवेळी रसाआधी दिवा लावत गेलं की काही दिवसांनी त्या दिव्यालाच कडाडतात, रसाला गप्प राहतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरल्या वेळी नेहमीपेक्षाही थंड पडतात. म्हणजे डोपामाइन हा हिशेब ठेवणारा आहे: अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, याची नोंद करून पुढच्या वेळी कशामागे धावायचं ते शिकवणारा. याच गटाने २००३ साली दाखवलं की दिवा लागल्यावर रस येण्याची शक्यता अर्धीअर्धी असते, तेव्हा वाट पाहण्याच्या त्या क्षणांत या पेशी सर्वांत जास्त तग धरून पेटलेल्या राहतात. टपरीवर उभं राहून तळहातावर तंबाखू मळणारा माणूस पाहिला आहे का? चुना, अंगठा, मग दोन टाळ्या. तार निकोटिनची असते हे खरं, पण तंद्री त्या मळण्यातच लागलेली असते.

आता कोणी म्हणेल, मग मुलाचं काय चुकलं? व्यसनात डोपामाइनचा हात आहेच ना? आहे. निकोटिन, दारू, कोकेन हे सगळे वेगवेगळ्या वाटांनी त्याच यंत्रणेत जाऊन बसतात, आणि हे नाकारणं अडाणीपणाचं होईल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ, म्हणजे जवळपास चारांतला एक, बिनधुराचा तंबाखू वापरताना आढळले. मळलेली, खर्रा, मिश्री सगळं त्यात आलं. यांना कोणी डोपामाइनचा उपास सुचवत नाही. तो शब्द वाय-फाय असलेल्या घरांसाठी राखून ठेवलेला आहे. टपरीवरच्या माणसाला आपण नुसतं ‘व्यसनी’ म्हणतो.

आणि उपासाच्या नावातच गफलत आहे. फोन बाजूला ठेवल्याने डोपामाइन कमी होत नाही, ‘रीसेट’ तर नाहीच नाही. चहाचा कप उचलायलाही ते लागतं. २०१९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या ज्या मानसशास्त्रज्ञाने ही कल्पना लोकप्रिय केली, त्याने स्वतःच नाव शब्दशः घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. त्याला ठरावीक सवयींपासून ठरावीक वेळ लांब राहणं एवढंच म्हणायचं होतं. तो भाग चांगला आहे. माझा मुलगा त्या रविवारी दुपारी चार वाजता आजोबांशेजारी बसून त्यांच्या जुन्या तिकिटांच्या पेटीतला पंच साफ करत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याला मौन म्हणा, सुट्टी म्हणा, काहीही म्हणा. ‘डोपामाइन’ म्हटलं की मात्र प्रश्न त्याच्या कवटीच्या आत जातो, आणि ज्याने ते फोनमधलं अ‍ॅप बनवलं तो बाहेर मोकळा फिरतो.

यावर मी एवढी का अडून बसले ते सांगते. दोन वर्षांपूर्वी अण्णांना लेव्होडोपाच्या जोडीला दुसरी एक गोळी सुरू झाली. ही डोपामाइनची नक्कल करते, पेशींवरच्या त्याच्या जागा स्वतः पकडते. गुण चांगला आला. पाय हलके झाले, बटणं लागू लागली, आई देवाला पेढे ठेवून आली. तीन-चार महिन्यांनी आईच्या लक्षात आलं की अण्णा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर पत्ते खेळतात. मग बँकेतून मेसेज यायला लागले. पाचशे, हजार, पुन्हा पाचशे. रमीच्या अ‍ॅपमध्ये बासष्ट हजार रुपये गेले होते. हा तो माणूस, ज्याने आयुष्यभर दिवसाअखेर पेटीतल्या रकमेचा पैसान्‌पैसा जुळवला आणि लॉटरीवाल्याला दारात उभं केलं नाही. आईने अबोला धरला. काका येऊन ‘या वयात शोभतं का’ म्हणून गेले. म्हातारचळ, एवढंच निदान आमच्या सगळ्या घराने मिळून केलं. अण्णा मान खाली घालून बसायचे, आणि रात्री पुन्हा खेळायचे.

पुढच्या तपासणीला मी हे डॉक्टरांना सांगितलं ते तक्रार म्हणून, लक्षण म्हणून नव्हे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली. एकदम बंद करायची नसते, त्याने वेगळाच त्रास होतो. दीड महिन्यात रमी सुटली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या तीन हजारांवर रुग्णांच्या पाहणीत कंपवाताच्या सुमारे १४ टक्के रुग्णांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा यांपैकी कशाचा तरी ताबा न राहण्याचा त्रास होता. या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांत तर १७ टक्क्यांना. म्हणजे सहा जणांत एक. दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखा हा आकडा नाही. गोळी लिहून देणाऱ्याला हे माहीत असतं. घरात ज्यांच्यात ती घेणारा राहतो त्यांना सांगायचं मात्र राहून जातं, आणि मग औषधाचा दोष चारित्र्याच्या खात्यावर चढतो.

गोळीची मात्रा डॉक्टरांनी उतरवली. अ‍ॅपची मात्रा कोण उतरवणार होतं? त्याच अ‍ॅपवर गोळी न घेणारी, धडधाकट, पंचवीस-तीस वर्षांची पोरंही तशीच रात्री दोनपर्यंत बसलेली होती. हातात कधी चांगली पानं येतील ते कळू द्यायचं नाही, हरत आलेल्याला नेमका बोनस द्यायचा, पैसे भरायचं बटण मोठं आणि काढायचं शोधावं लागेल असं. शुल्ट्झ यांच्या माकडाला रस मोफत होता, एवढाच फरक.

म्हणून मला २०२५ च्या ऑगस्टमधला ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा त्याच्या सगळ्या घाईसकट महत्त्वाचा वाटतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला, आणि खेळणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही. बंदीने सगळं थांबतं असं मी म्हणत नाही. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटखाबंदी आहे आणि कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला ते ठाऊक असल्याचं त्याच्या चेहऱ्यावरून जाणवत नाही. पण दोष कुणाच्या दारात ठेवायचा हे तरी कायद्याने बरोबर ओळखलं. अंतहीन रील, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, रात्री अकराला येणाऱ्या ‘तुमच्यासाठी काही खास’ अशा सूचना यांना आपल्याकडे अजून तसं कोणी विचारलेलं नाही. मुलांच्या खात्यावर या गोष्टी मुळातच बंद असाव्यात, हव्या असतील तर पालकांनी चालू कराव्यात, इतकं मागायला मेंदूशास्त्र लागत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये भोंगा सुरू केला. संध्याकाळी सातला वाजतो, तेव्हा घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो. करोनातल्या ऑनलाइन शाळेने हाती आलेला फोन मुलांकडून सुटेना, म्हणून हा उपाय निघाला. वर्तमानपत्रांनी त्यालाही ‘डिटॉक्स’ म्हटलं. मला त्यात मात्र डिटॉक्सच्या अगदी उलटी गोष्ट दिसते. कोणत्याही पोराला एकट्याने मनोनिग्रह करायला लावलेला नाही. सगळ्यांचेच फोन बंद, तेव्हा आपलं काही चुकतंय ही हुरहुर नाही, आणि बापाच्याही हातात फोन नाही. माझ्या मुलाचा रविवार त्याच्या निर्धारावर उभा होता, वडगावचा दीड तास गावाने धरून ठेवला आहे.

जाता जाता खाजकुइलीबद्दल. कोकणात आणि घाटावर रानातून फिरलेल्या प्रत्येकाला तिची खाज माहीत असते. तिच्या बियांत लेव्होडोपा आहे, आणि ते मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच वेगळं काढून दाखवलं होतं; आयुर्वेदात हिलाच कपिकच्छू म्हणतात, तिला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. आता तिची पूड ‘नैसर्गिक डोपामाइन’, ‘मूड बूस्टर’ अशा लेबलांखाली ऑनलाइन मिळते. म्हणजे एकीकडे डोपामाइन कमी करायचे उपाय आणि दुसरीकडे वाढवायची पूड, आणि दोन्हींचं गिऱ्हाईक बहुधा एकच. कंपवाताचा रुग्ण ही पूड गोळीवर परस्पर घेऊ लागला तर दुहेरी मात्रा होते. वाटेल तसे हातपाय वळणं, भास होणं हे त्यातून होऊ शकतं. अण्णांसाठी ती घेऊन आलेल्या एका हितचिंतकाला हे समजावताना माझी एक संध्याकाळ गेली.

मुलगा अजूनही रविवारी फोन कपाटात ठेवतो. अण्णांच्या गोळ्यांसाठी त्याने बाजारातून चावीचं गजराचं घड्याळ आणलंय. ते दिवसातून पाच वेळा लावावं लागतं आणि आवाज शाळेच्या घंटेसारखा आहे. त्या नव्या गोळीची उतरवलेली मात्रा अण्णा आजही घेतात. आमच्या गावातल्या दुकानात पट्टी कात्रीने कापून हातात देतात, आतला कागद दुकानातच राहतो, आणि मिळाला तरी तो इंग्रजीत आणि भिंग लागेल अशा अक्षरांत असतो. राज्याच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे माझं एकच मागणं आहे: ही गोळी ज्या पिशवीतून दिली जाईल तिच्यावर मराठीत, ठळक अक्षरांत छापा, ‘हे औषध घेताना माणूस अचानक जुगार, खरेदी, खाणं किंवा आणखी कशाच्या आहारी जाऊ लागला, तर त्याच्याशी भांडू नका, गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.’